आमची आळी आणि काका

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गात मी दरवर्षी एक निबंध हमखास लिहायला देते. ‘माझे कुटुंब’. विषय सोपा! आई, बाबा, आजी, आजोबा, ताई, दादा, झालंच तर मनीमाऊ आणि गोठ्यातली म्हैस. प्रत्येकाला दोन-दोन ओळी दिल्या की पान भरतं.

यंदा वह्या तपासत होते, तर एका वहीत पानाला चक्क भोक! एक ओळ लिहून ती खोडरबरानं इतकी घासली होती की कागदच फाटला. पान उलटून उजेडात धरलं. पेन्सिलीचा दाब मागच्या बाजूला उमटला होता. त्यातला ‘मावशी’ एवढाच शब्द वाचता आला. (मुलाचं नाव मी सांगणार नाही. एकदोन गोष्टी मुद्दाम बदलल्याही आहेत. आणि त्याच्या आईला विचारूनच हे लिहिते आहे, बरं का.)

मी काही त्याला बोलावून विचारलं नाही. कारण असाच निबंध मीही एकदा लिहिला होता, आणि त्यात माझे काका नव्हते.

माझं माहेर वाई. सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं गाव. ढोल्या गणपतीमुळं तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलंही असेल. वाईत गल्लीला आळी म्हणतात. आमच्या आळीच्या तोंडाशी पिठाची गिरणी, तिला लागून केशकर्तनालय, मग दहा-बारा घरं आणि अगदी शेवटी आमचं. घरात आजी, आई, बाबा, मी आणि बाबांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका.

काका कॉलेजात कॅरम चॅम्पियन होते. मी लहान असताना मला मांडीवर बसवून सोंगट्या लावायला द्यायचे. मग १९९६ साली, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, त्यांचं काहीतरी बिनसलं. आधी झोप उडाली. मग ते खोलीतून बाहेर येईनात. खिडकीबाहेर माणसं उभी राहून माझ्याबद्दल बोलतात, म्हणायला लागले. खिडकीबाहेर कोणी नसायचं. पण काकांना ते आवाज खरेच ऐकू यायचे, तुम्हाला शाळेची घंटा ऐकू येते तितके स्पष्ट. ते नाटक करत नव्हते, हे आधी लक्षात घ्या.

पहिली दोन वर्षं आमची अंगारे-धुपारे करण्यात गेली. कोणी म्हणालं करणी आहे, कोणी म्हणालं लग्न करून टाका. शेवटी १९९८ साली बाबा त्यांना साताऱ्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आजाराला नाव मिळालं, स्किझोफ्रेनिया. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. आजीला दोन्ही शब्द काही जमले नाहीत. ती आपली म्हणायची, ‘डोक्यातला ताप’. गोळ्या सुरू झाल्या. आवाज कमी झाले, पण काकांचे हात कापायला लागले, अंगात सदा सुस्ती. दाढी स्वतः करता येईना. आणि केशकर्तनालयात जायची भीती, कारण तिथं चारी बाजूंनी आरसे!

आता मुख्य गोष्ट सांगते. आजारी एकटे काका पडले होते, पण बंद झालं होतं आमचं सगळं घर. आळीकडची खिडकी आम्ही उघडत नव्हतो. आई तीन वर्षं माहेरी गेली नव्हती. काका रात्री बाहेर पडतील म्हणून ती दाराला आडवं अंथरूण टाकून झोपायची. झोपायची कसली, पडून राहायची. बाबांनी लग्नामुंजीला जाणं सोडलं. माझ्या मैत्रिणींना घरी यायची बंदी. कोणी विचारलं, “भाऊ काय करतो हो तुमचा?” तर बाबा म्हणायचे, “पुण्याला असतो.” काका आतल्या खोलीत असायचे.

आळीला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण आम्ही बोलत नव्हतो, म्हणून तेही बोलत नव्हते. आळीतली पोरं मात्र बोलायची. त्यांनी काकांना एक नाव ठेवलं होतं. ते मी इथं लिहीत नाही. असली नावं तुम्हाला शिकवावी लागत नाहीत.

आता २००१ सालचा ऑक्टोबर. मी पाचवीत. सहामाही परीक्षा चालू होती, त्या दिवशी गणिताचा पेपर, आणि मी कंपासपेटी घरी विसरले. पहिली घंटा झाली होती. मी रडकुंडीला येऊन फाटकाशी उभी. तेवढ्यात समोरून काका आले! घरातलं कोणी नाही, काकाच. ऑक्टोबरच्या उन्हात अंगात स्वेटर, पायात दोन वेगळ्या चपला, दाढी वाढलेली, हातात माझी कंपासपेटी. एरवी परसापर्यंत जायला घाबरणारा माणूस बाजारातून दहा मिनिटं चालत आला होता.

पोरं हसायला लागली. कोणीतरी ते नाव ओरडलं. माझ्या शेजारच्या मुलीनं विचारलं, “तुझे कोण गं हे?”

मी म्हटलं, “आमचे कोणी नाहीत.”

काकांनी ते ऐकलं. त्यांनी कंपासपेटी पायरीवर ठेवली आणि ते वळून निघून गेले. मी पेटी उचलली, पेपर लिहिला. पन्नासपैकी शेहेचाळीस मार्क पडले. ते मार्क मला आजही पाठ आहेत.

संध्याकाळी घरी गेले तर काका आलेच नव्हते.

बाबा सायकलवरून घाटावर जाऊन आले, बाजारात फिरून आले. रात्र झाली. आई म्हणाली, “आळीत सांगूया का?” बाबा म्हणाले, “नको. गावात बोभाटा होईल.” बाबांवर रागवू नका हं. त्याच वर्षी, ६ ऑगस्टला, तामिळनाडूत एरवाडी इथं आग लागली होती. तिथं नातेवाइकांनी आणून ठेवलेले मनाचे आजारी लोक साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आलं नाही. पंचवीसहून जास्त माणसं गेली. बाबांनी तो पेपर आजीपासून लपवला होता. लोकांना कळलं की ते म्हणणार, ‘कुठंतरी नेऊन ठेवा त्याला,’ ही बाबांची धास्ती होती.

आणि मी? मी गप्प. फाटकाशी काय झालं ते मी कोणालाच सांगितलं नाही. काका शाळेत आले होते, एवढंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशीही काका आले नाहीत. दिवेलागणीला आजी उठली. तिनं पदर खोचला, दार उघडलं आणि आळीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आमची आजी चार फूट दहा इंच, पण आवाज गिरणीवर मात करणारा! ती म्हणाली, “माझा धाकटा कालपासनं घरी न्हाई. त्याला डोक्यातला ताप हाय. पाच वर्सं झाली. आमी लपवलं, आमचं चुकलं. कुनी बघितला का माझ्या पोराला?”

गिरणी थांबली. खरंच थांबली. गिरणीवाले दादा पिठानं पांढरे झालेले तसेच बाहेर आले. केशकर्तनालयातले मामा एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून आले. पलीकडच्या घरातले निवृत्त गुरुजी बॅटरी घेऊन निघाले. ज्यांच्याशी आम्ही पाच वर्षं धड बोललो नव्हतो, ती माणसं दहा मिनिटांत दिशा वाटून घेत होती. तू एस.टी. स्टँड, तू घाट, तू पाचगणीचा रस्ता. गुरुजींनी फक्त एवढंच विचारलं, “त्याला काय आवडतं? कुठं जाईल तो?” पाच वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. आम्ही स्वतःलाही नाही.

काका दुसऱ्या दिवशी पहाटे सापडले, मेणवलीला. मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर. तिथं नाना फडणवीसांचा वाडा आहे, खाली कृष्णेवर घाट आणि घाटावर एक भलीमोठी घंटा. वसईच्या १७३९ च्या लढाईनंतर मराठ्यांनी ज्या घंटा आणल्या, त्यांतली ती एक, असं सांगतात. काका त्या घंटेखाली बसले होते आणि तळहातानं तिच्यावर हलकेच थापट्या मारत होते. आमच्या आळीत रतीब घालणाऱ्या दूधवाल्या मामांना ते दिसले. मामांनी हाक मारली नाही, हात धरला नाही. शेजारी जाऊन बसले, किटलीच्या झाकणात थोडं दूध दिलं आणि येणाऱ्या पोराच्या हाती सायकलवरून निरोप धाडला. बाबा पोचेपर्यंत तासभर ते तसेच बसून होते. त्या दिवशीचा अर्धा रतीब नासला. कोणीही तक्रार केली नाही.

घंटेखाली का बसलास, असं बाबांनी पुढं कधीतरी विचारलं. काका म्हणाले, “तिचा नाद कानात असला की ती माणसं बोलत नाहीत.”

मुलांनो, तुम्हाला वाटेल, मग सगळं छान झालं. तसं काही लगेच होत नसतं. एका घरानं आपली मुलं आमच्या ओट्यावर कधीच येऊ दिली नाहीत. सल्ले द्यायला तर ढीगभर लोक आले. कोणी तेल सांगितलं, कोणी नवस. आईला त्या सगळ्यांसाठी चहा करावा लागला, तेवढं कामच वाढलं! पण दार एकदा उघडलं ते उघडलंच. आणि काही जणांनी सल्ला दिला नाही, काम वाटून घेतलं.

सोमवारी केशकर्तनालय बंद. म्हणून मामा दर सोमवारी सकाळी आपली पेटी घेऊन आमच्या ओट्यावर यायचे आणि काकांची दाढी करायचे, आरसा न दाखवता. पैसे घेत नव्हते. आजीनं भांडून त्यांना चहा-पोहे घ्यायला लावले. गुरुजी महिन्यातून एकदा काकांना साताऱ्याला घेऊन जायचे, गोळ्या आणायला. त्यामुळं बाबांची रजा वाचली. आणि समोरच्या काकू दर गुरुवारी दुपारी स्वेटर विणत आमच्या घरी बसायच्या, दोन तास. का, माहीत आहे? आईला झोपता यावं म्हणून! पहिल्या गुरुवारी आई झोपली ती चार तास उठलीच नाही. काकू विणत बसल्या. तुमच्या शेजारी कोणी असं आजारी असेल, तर आई-बाबांना हे काकूंचं जरूर वाचून दाखवा. अशा घराला काय हवं असतं, तर कोणीतरी ठरल्या वाराला, ठरल्या वेळी यायला हवं असतं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं की ते लोक कधीच सांगत नाहीत. आम्हीही सांगितलं नव्हतं.

गिरणीवाले दादांनी तर कमालच केली. संध्याकाळी पाच ते सहा दळणाची गर्दी. त्यांनी काकांना डब्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायला बसवलं. नाव, गहू की ज्वारी, किती किलो. काकांचं अक्षर कापऱ्या हातानंही वळणदार यायचं. शिवाय गिरणीचा घरघराट! तिथंही ती खिडकीबाहेरची माणसं बोलत नसत. सात वाजता गिरणी बंद झाली की दादा कॅरम मांडायचे आणि रोज हरायचे.

२००४ साली ‘देवराई’ नावाचा मराठी सिनेमा आला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. त्यात अतुल कुलकर्णींनी या आजाराच्या माणसाचं काम केलंय आणि सोनाली कुलकर्णी त्याची बहीण झाली आहे. बाबा तो पाहून आले आणि दोन दिवस बोललेच नाहीत. मग त्यांना पुण्यातल्या एका संस्थेची माहिती मिळाली, स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. ती सुरू केली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी. ते कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. घरी सांभाळणाऱ्यांचे हाल त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. तिथं अशा घरांतली माणसं एकत्र बसतात, ‘आधार गट’ म्हणतात त्याला. बाबा पहिल्यांदा गेले तेव्हा नुसते ऐकत बसले. आई-बाप, भाऊ, बायका, सगळे आपापलं सांगत होते आणि प्रत्येकाची गोष्ट आमचीच होती. “मला वाटायचं दार बंद करून बसणारे जगात आपणच,” बाबा घरी येऊन म्हणाले.

तिथून बाबा एक वाक्य शिकून आले. ते आम्ही आळीतल्या सगळ्यांना शिकवलं. काका म्हणाले की मला आवाज ऐकू येतात, तर ‘कुठं काय, काही नाही’ म्हणून वाद घालायचा नाही. आणि ‘हो हो, मलाही येतात’ असं खोटंही बोलायचं नाही. म्हणायचं, “मला ऐकू येत नाहीत, पण तुम्हाला त्रास होतोय ते दिसतंय.” पाचवीतल्या मुलीलाही जमण्यासारखं वाक्य आहे, नाही का?

२००७ साली काकांनी गुपचूप गोळ्या बंद केल्या. बरं वाटायला लागलं की पुष्कळ जण करतात तसं. घरात आमच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं गिरणीवाले दादांच्या. ते रात्री घरी आले आणि बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, “दोन दिवस चिठ्ठ्यांवर नावं भलतीच पडतायत. आणि आज कॅरम नको म्हणाला. झोपतोय का तो?” दुसऱ्याच दिवशी गुरुजी साताऱ्याच्या गाडीत. वेळेवर कळलं म्हणून पंधरवड्यात काका सावरले. १९९६ मध्ये हेच कळायला आम्हाला दोन वर्षं लागली होती.

पुढं डी.एड.ला असताना मी गील नावाच्या गावाबद्दल वाचलं. बेल्जियम देशात आहे. तिथली साधी कुटुंबं कित्येक शतकांपासून मनाच्या आजारी माणसांना आपल्या घरी ठेवून घेतात. १९३८ च्या सुमाराला त्या गावात अशी साडेतीन हजारांवर माणसं राहत होती! त्यांना रुग्ण म्हणत नाहीत, घरातला पाहुणा म्हणतात. ती शेतात, स्वयंपाकघरात हात लावतात. आमच्या आळीनं गीलचं नाव ऐकलं नव्हतं. मला मात्र वाचताना सारखी गिरणी दिसत होती.

आता थोडं गणित. (मी बाईच, त्याला इलाज नाही.) जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगात साधारण दर ३०० माणसांत एकाला हा आजार आहे. वाईची वस्ती २०११ च्या जनगणनेत ३६ हजारांच्या आसपास होती. मांडा त्रैराशिक. उत्तर आलं १२०. एकशे वीस काका, मावश्या, दादा, ताया! ते सगळे कुठं आहेत? तुमच्याही गावाचं गणित करून बघा. हा आजार शिवल्यानं होत नाही, कोणाच्या पापानं होत नाही. मेंदूचा आजार आहे, त्याला औषध आहे. आणि पालकांनो, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला साखळीनं बांधायला बंदी आहे. कोणाशी बोलावं कळत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी फोन आहे. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलतात आणि पैसे पडत नाहीत.

राहिली फाटकाची गोष्ट. आजी २०१२ साली गेली, तिला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. काकांना सांगितलं, पण मला नोकरी लागल्यावर. ओट्यावर बसलो होतो. म्हटलं, “काका, त्या दिवशी शाळेत मी तुम्हाला ओळख दिली नाही. तुम्ही त्यामुळंच गेलात ना?”

काका बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या पेटीतली ती बोटभर पेन्सिल पडली होती वाटेत. पेटी ठेवली आणि ती शोधायला परत गेलो. सापडली नाही. मग ती माणसं फार बोलायला लागली.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “पेन्सिल नव्हती तर वर्तुळ कसं काढलंस गं?”

मी ते शेजारणीचा कंपास घेऊन काढलं होतं. काका हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, की खरंच तसं झालं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

वह्या वाटल्या त्या दिवशी मी वर्गाला माझा निबंध सांगितला, ‘माझे कुटुंब’, काकांसकट. फाटकसुद्धा. वर्ग चिडीचूप झाला होता. तो मुलगा खाली मान घालून बाकावर नखानं रेघोट्या ओढत होता. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला.

“बाई, तुमचे काका अजून आहेत?”

“आहेत की! पन्नाशीला आलेत. अजून गिरणीत चिठ्ठ्या लिहितात.”

“आणि कॅरम?”

“खेळतात. दादा अजून हरतात.”

त्यानं थोडा विचार केला. म्हणाला, “आमच्या मावशीला पत्ते येतात. झब्बू. पण तिच्याशी खेळायला कोण नसतं.”

मी म्हटलं, “मला येतो झब्बू.”

“शनिवारी शाळा सकाळची असते,” तो म्हणाला, “मग या.”